धडक झेलणारे ‘उलटे’ पोळे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की पेठ वडगाव परिसरातील रस्त्यांची लय बदलते. हातकणंगले आणि पन्हाळा तालुक्यांतील शिवारांतून निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि वाठारच्या आसपास त्यांची गाठ पुणे-बंगळूर महामार्गाशी पडते. पूर्वी ४ क्रमांकाचा आणि आता ४८ क्रमांकाचा असलेल्या या राष्ट्रीय महामार्गावर मोटारी ताशी ८० किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाने धावतात. भरलेली ऊसट्रॉली मात्र ताशी २० किलोमीटरच्या आसपास सरकत असते. रात्रीच्या वेळी या दोन वेगांमधील तफावत जिवावर बेतू शकते.

मोटारीची धडक झाली तर आतील माणूस वाचावा कसा, हा प्रश्न अभियंत्यांनी गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ अंशी सोडवला आहे. त्या उत्तरातील एक महत्त्वाचा घटक म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी. या पोळ्याचाच एक चमत्कारिक भाऊबंद गेल्या काही दशकांत संशोधकांच्या चर्चेत आहे. त्याला ‘ऑक्झेटिक’ रचना म्हणतात. दाबले असता बाजूंना पसरण्याऐवजी ही रचना आत ओढली जाते, आणि हा गुण धडकेतील ऊर्जा शोषून घेण्यासाठी उपयोगी पडेल, अशी अपेक्षा तिच्याकडून केली जाते. ती अपेक्षा कितपत खरी, हे हिशेब मांडूनच पाहावे लागते.

हिशेब सेंटिमीटरचा

बाराशे किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे २९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. हीच मोटार २५ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकली, तर जमिनीवर आदळताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. ब्रेक लागले तर ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने चाकांतून निघून जाते. धडक झाली तर ती पत्र्याच्या घड्या पाडण्यात खर्च व्हावी लागते. पत्र्याने ती घेतली नाही, तर हाडामांसावर ती खर्च होते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे भलतेच महाग पडते. ताशी ५६ किलोमीटरला १४५ किलोज्यूल असलेली ऊर्जा ताशी ६४ किलोमीटरला १९० किलोज्यूल होते. वेग अवघा आठ किलोमीटरने वाढला, पण ऊर्जा ३१ टक्क्यांनी वाढली.

माणसाच्या शरीराला किती धक्का बसतो, हे मोटार किती अंतरात थांबते त्यावर ठरते. ताशी ५६ किलोमीटर वेगाची मोटार ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट असते. पट्टा बांधलेला प्रवासी ते बहुधा सोसू शकतो. तीच मोटार ३० सेंटिमीटरमध्ये थांबली तर हा आकडा ४१ पटींवर जातो. म्हणजे सारी लढाई काही सेंटिमीटर अंतरासाठी चालते. मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी हा विचार मांडला, की मोटारीचा मधला कक्ष कणखर असावा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा असावा. १९५९ मध्ये त्या कंपनीची अशी पहिली मोटार बाजारात आली. तोपर्यंत जाड, न वाकणारी मोटार तीच सुरक्षित, असा सर्वसाधारण समज होता. तो समज आजही पूर्णपणे गेलेला नाही. धडकेनंतर बंपर चेपला म्हणून मोटारीला ‘पत्र्याचा डबा’ म्हणणारे अनेक भेटतात. वास्तविक चेपणे हेच त्या भागाचे काम असते.

चुरगळण्याचे शास्त्र

चुरगळण्याचीही एक रीत असते. चांगल्या ऊर्जाशोषकाने आधी फार कडक विरोध करू नये आणि नंतर एकदम हार मानू नये. त्याने आरंभापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा विरोध करीत मागे हटावे. मागे हटण्याचे अंतर आडवे आणि विरोधाचे बल उभे मांडून आलेख काढला, तर चांगल्या शोषकाचा आलेख सह्याद्रीतील एखाद्या सड्यासारखा दिसतो. सुरुवातीला छोटासा कडा, मग लांबलचक सपाट पठार आणि अखेरीस पुन्हा उभा चढ. हा शेवटचा चढ म्हणजे सगळ्या घड्या पडून पदार्थ घट्ट झाल्याची खूण. त्यापुढे शोषक नावालाच उरतो. पठाराची उंची गुणिले लांबी म्हणजे शोषलेली ऊर्जा, आणि ती वजनाने भागली की प्रति किलो किती ऊर्जा शोषली ते कळते. अशा दोन रचनांची तुलना करण्याचे हेच प्रामाणिक माप आहे.

षट्कोनी पोळे या परीक्षेत फार वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होते. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पोळे त्याच्या नळ्यांच्या दिशेने दाबले, की प्रत्येक नळीला एकामागून एक बारीक घड्या पडत जातात आणि पठार लांबच्या लांब सरळ राहते. १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ चांद्रयानाच्या पायांमध्ये असेच ॲल्युमिनियमचे पोळे बसवलेले होते. चंद्रावर उतरताना बसणारा धक्का चुरगळून झेलावा, हे त्याचे काम. एकदाच वापरायचे असल्याने त्याला तेल लागत नाही आणि गळतीची भीतीही नसते.

मोटारींच्या जगात हे पोळे आधी शिरले ते परीक्षकाच्या बाजूने. समोरच्या धडकेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोटार ज्या अडथळ्यावर आदळवली जाते, तो समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीची भूमिका वठवतो, म्हणून त्याच्या तोंडाशी पोळे असते. त्याचा मुख्य ठोकळा एक मीटर रुंद, ६५ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर खोल असतो. त्याच्या पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तेराव्या भागाएवढी, एका घराचा आकार १९ मिलिमीटर आणि चुरगळण्याचा दाब ०.३४ मेगापास्कल. एवढ्या कागदी जाडीच्या भिंती, पण एक चौरस मीटर पोळे चुरगळायला सुमारे ३५ टनांचा भार लागतो!

भारतात समोरच्या आणि बाजूच्या धडकेच्या अशा चाचण्या मोटारींच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मोटारींना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाल्या. समोरच्या धडकेचा वेग ताशी ५६ किलोमीटर आहे. त्यासाठीची ‘एआयएस-०९८’ आणि ‘एआयएस-०९९’ ही मानके ज्या समितीने केली, तिचे सचिवालय पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’ या संस्थेत आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या अनेक पुणेकरांना तिचे नाव माहीत असते, काम क्वचितच. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही तारांकन योजना लागू झाली. तिच्यात समोरच्या धडकेचा वेग ताशी ६४ किलोमीटर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिचे पहिले पाच तारे मिळवणाऱ्या ‘हॅरियर’ आणि ‘सफारी’ या दोन्ही मोटारी टाटा मोटर्सच्या होत्या. या चाचण्या मोटारीत कोणता पदार्थ वापरला हे विचारीत नाहीत. बाहुल्याचे डोके, छाती आणि मांडी यांना किती इजा झाली, एवढेच मोजतात. ऑक्झेटिक असो वा साधे, पोळ्याला प्रवेश मिळायचा तो या दारातूनच.

डमरूची घरे

भाकरीच्या पिठाचा गोळा परातीत थापला, की तो चहूबाजूंनी पसरतो. रबराचा तुकडा ओढला, की तो मध्ये बारीक होतो. एका दिशेने दाबल्यावर आडव्या दिशेने किती पसरण होते, याचे प्रमाण फ्रेंच गणिती सिमेओं दनी पॉयसन (१७८१-१८४०) यांच्या नावाने ओळखले जाते. सर्व पदार्थांसाठी हे प्रमाण एक चतुर्थांश असावे, असे त्यांचे गणित सांगत होते. प्रत्यक्षात पोलादासाठी ते ०.३ च्या आसपास, रबरासाठी जवळजवळ ०.५ आणि बुचाच्या लाकडासाठी जवळजवळ शून्य भरते. बूच बाटलीत दाबताना फुगत नाही, म्हणून ते सहज बसते. रबराचे बूच तसे बसत नाही.

हे प्रमाण ऋण असू शकते, याला सिद्धांताची कधीच हरकत नव्हती. परंतु असा पदार्थ हाती घेऊन दाखवला तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या रॉडरिक लेक्स यांनी, १९८७ मध्ये. गादीत वापरतात तसला फोम त्यांनी तिन्ही बाजूंनी दाबून साच्यात बसवला, तापवला आणि थंड केला. फोमच्या सूक्ष्म घरांच्या भिंती आत मुडपल्या गेल्या आणि तयार झालेला फोम ओढला असता जाड होऊ लागला. त्याचे पॉयसन गुणोत्तर उणे ०.७ होते. १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधक केन इव्हान्स यांनी अशा पदार्थांना ‘ऑक्झेटिक’ हे नाव दिले. ‘वाढणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. त्याच वर्षी गाईच्या सडाच्या कातडीतही हा गुण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. दुधासाठी ख्यातकीर्त असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे, ऑक्झेटिक पदार्थ रोज पहाटे हजारो हातांत येत असतो.

पोळ्यात हा गुण आणण्याची युक्ती भूमितीत आहे. त्यासाठी पदार्थ बदलावा लागत नाही. साध्या षट्कोनाचे पोट बाहेर आलेले असते. वरून दाबले की पोट आणखी बाहेर येते आणि शेजारच्या घरांना ढकलते. आता षट्कोनाच्या दोन्ही बाजू आत मुडपल्या तर त्याचा डमरू होतो. डमरूच्या दोन्ही तोंडांवर दाब दिला, की त्याची कंबर अधिकच बारीक होते. आणि शेजारची घरे कंबरेशीच जोडलेली असल्याने तीही आत ओढली जातात. अशा डमरूंची जाळी वरून दाबली तर बाजूंनी आक्रसते. षट्कोनी आणि डमरूच्या आकाराच्या, दोन्ही पोळ्यांचे गणित लॉर्ना गिब्सन, मायकेल ॲशबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडले. ते आजही या विषयाची बाराखडी मानले जाते.

आक्रसण्याचा फायदा काय, तर ठोसा बसतो तेथे माल गोळा होतो. नियमित षट्कोनाचे गुणोत्तर अधिक एक येते. योग्य मापाच्या डमरूचे, म्हणजे तिरप्या भिंतींच्या दुप्पट लांबीची तोंडे आणि ३० अंश आत वळलेल्या भिंती असल्यास, ते बरोबर उणे एक येते. ही गुणोत्तरे तशीच राहतात असे धरून दोन्ही जाळ्या ३० टक्के दाबल्या, तर साध्या जाळीचे क्षेत्रफळ मूळच्या ९१ टक्के राहते, डमरूच्या जाळीचे मात्र ४९ टक्के. म्हणजे ठोशाखाली तेवढ्याच जागेत दुप्पट माल येऊन उभा राहतो. गर्दीत कोणी पडला की आजूबाजूचे लोक त्याच्याकडे धावतात, तसे हे होते. साध्या पोळ्यात ते पळून जातात.

वजनाचा सवाल

येथपर्यंतची गोष्ट आकर्षक आहे, आणि या विषयावरचे बरेच लेखन येथेच थांबते. खरा प्रश्न पुढे आहे. वर दिलेल्या मापांच्या दोन्ही पोळ्यांच्या भिंती सारख्याच जाडीच्या ठेवल्या, तर डमरूच्या पोळ्यात एका चौरस सेंटिमीटरमागे एक तृतीयांश अधिक धातू लागतो. कारण उघड आहे. घराचे क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण भिंतींची लांबी वाढते. आणि एवढा धातू घालूनही गिब्सन-ॲशबी यांच्या सूत्रांनुसार दोन्ही पोळ्यांची प्रारंभीची ताठरता आणि प्रारंभीची ताकद अगदी सारखीच येते. उलट दोन्ही पोळ्यांचे वजन सारखे ठेवायचे म्हटले, तर डमरूच्या भिंती २५ टक्के पातळ कराव्या लागतात. ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ५६ टक्क्यांवर येते आणि ताठरता घनाच्या प्रमाणात असल्याने ४२ टक्क्यांवर.

म्हणून एखाद्या अभ्यासात ऑक्झेटिक पोळे अमुक टक्के अधिक ऊर्जा शोषते असे वाचले, तर पहिला प्रश्न असा असावा, की तुलना सारख्या जाडीवर केली की सारख्या वजनावर? सारख्या जाडीवर केली असेल, तर त्या टक्क्यांतील मोठा भाग निव्वळ जास्तीच्या धातूचा असू शकतो.

दुसरा प्रश्न दिशेचा. ऑक्झेटिक गुण पोळ्याच्या नक्षीच्या पातळीत, म्हणजे नळ्यांना आडव्या दिशेत प्रकटतो. पोळ्याची खरी ताकद मात्र नळ्यांच्या लांबीच्या दिशेत असते. भिंतीची जाडी तिच्या लांबीच्या पन्नासाव्या भागाएवढी असेल, तर साध्या षट्कोनी पोळ्याची नळ्यांच्या दिशेची चुरगळण्याची ताकद आडव्या दिशेच्या सुमारे तीसपट भरते. समोरच्या धडकेसाठी पुरेशी जागा असेल, धडकेची दिशा ठाऊक असेल आणि ती रुंद पृष्ठभागावर होणार असेल, तर साधे पोळे नळ्या समोर करून बसवणे हाच शहाणपणा आहे. तेथे डमरूला काम नाही.

तिसरा प्रश्न वेगाचा. संगणकावरील अनेक अभ्यासांत धडकेचा वेग सेकंदाला १०० मीटर वगैरे घेतलेला असतो. हा वेग ताशी ३६० किलोमीटर होतो! एवढ्या वेगात पदार्थाच्या जडत्वाचाच विरोध फार मोठा असतो. चाचणीच्या अडथळ्यातील पोळ्याची घनता घनमीटरला सुमारे २८.६ किलो धरली, तर सेकंदाला १०० मीटर वेगाला जडत्वाचा वाटा ०.४१ मेगापास्कल, म्हणजे पोळ्याच्या स्वतःच्या ताकदीपेक्षाही जास्त येतो. ताशी ५६ किलोमीटरला तोच ०.०१ मेगापास्कल, म्हणजे अवघा तीन टक्के असतो. स्फोटापासून बचाव करणाऱ्या चिलखतासाठी काढलेले निष्कर्ष मोटारीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे.

नेमके कोठे?

एवढे वजा केल्यावर काय उरते? जे उरते ते थोडे नाही. धडक अरुंद जागेवर होणार, ती नेमकी कोठे होणार हे आधी ठाऊक नाही आणि मागे सरकायला अंतर नाही, अशा ठिकाणी ठोशाकडे धावणारा माल हवा असतो.

मोटारीचा दरवाजा हे त्याचे ठळक उदाहरण. समोर बंपरपासून पायापर्यंत बरेच अंतर असते, बाजूला मात्र प्रवाशाचा खांदा आणि बाहेरचा पत्रा यांत काही सेंटिमीटरच असतात. ‘भारत एनकॅप’मध्ये बाजूने खांबावर आदळण्याची जी चाचणी आहे, तिचा वेग ताशी अवघा २९ किलोमीटर आहे. बाराशे किलोच्या मोटारीत त्या वेळी केवळ ३९ किलोज्यूल ऊर्जा असते, समोरच्या चाचणीतील ऊर्जेच्या मानाने किरकोळच. पण खांब असतो २५ सेंटिमीटर रुंद. साध्या जाळीत एवढ्याच रुंदीतील घरे चुरगळतात आणि शेजारची घरे बाजूला ढकलली जातात. डमरूच्या जाळीत शेजारची घरे खांबाकडे ओढली जाऊन कामाला लागतात. महामार्गावरील विजेचा खांब, झाड किंवा पुलाचा कठडा यांवर आडवी होऊन आदळणारी मोटार याच प्रकारात मोडते.

स्थानिक ठोशाला विरोध करण्याची ताकद पॉयसन गुणोत्तर उणे एककडे सरकते तसतशी वाढते, हे प्रत्यास्थतेच्या सिद्धांतातून मिळणारे उत्तर आहे, आणि लेक्स यांच्या फोमने पुढे प्रयोगांतही त्याला पुष्टी दिली. याला किंमतही आहे. माल लवकर गोळा झाला, म्हणजे पठारही लवकर संपते. शोषकाची जाडी चुकली तर शेवटचा उभा चढ प्रवाशाच्या बरगड्यांवर येऊन संपेल. म्हणूनच एकाच जाळीत भिंतींचा कोन आणि जाडी बाहेरून आत बदलत नेण्याचे, किंवा डमरूची जाळी पोलादी नळीत भरण्याचे प्रयोग जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहेत.

दुसरी जागा डोक्यावरची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे ज्यांच्याभोवती चुरगळायला पत्राच नव्हता, अशांची संख्या निम्म्याहून कितीतरी अधिक. मोटारीच्या बंपरमध्ये कितीही अभिनव पोळे घातले तरी या माणसांना त्याचा उपयोग तेवढाच, जेवढा तो बंपर त्यांच्या पायाशी मऊपणाने वागेल. हेल्मेटमधील अस्तर हे मात्र त्यांचे स्वतःचे ऊर्जाशोषक असते. त्याची जाडी दोन-चार सेंटिमीटर, आणि ठोसा बसतो तो रस्त्यावरच्या एखाद्या दगडाचा किंवा कडेच्या कोपऱ्याचा, म्हणजे अत्यंत स्थानिक. शिवाय साधे पोळे वाकवले तर त्याचे खोगीर होते, ऑक्झेटिक पोळे वाकवले तर त्याचा घुमट होतो. डोके घुमटाकार असल्याने अस्तर सुरकुत्या न पडता बसते. खेळाच्या बुटांच्या तळव्यात हा गुण बाजारात येऊनही गेला आहे. नायके कंपनीने २०१६ मध्ये अशा नक्षीचे तळवे आणले. हेल्मेटच्या बाबतीत किंमत आणि भारतीय मानक ‘आयएस ४१५१’ची चाचणी, या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतील.

या साऱ्यांत पट्ट्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्याला मोटार धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासमवेत मागील आसनावर बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. चुरगळणारा भाग मोटारीला थांबवतो. प्रवाशाला मोटारीशी बांधून ठेवतो तो पट्टा. पट्टा नसेल तर मोटार ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तरी प्रवासी पुढच्या आसनावर किंवा काचेवर एक-दोन सेंटिमीटरमध्ये थांबतो.

घडवायचे कसे?

साधे ॲल्युमिनियमचे पोळे स्वस्त पडते, कारण ते ‘उलगडून’ तयार होते. पातळ पत्र्यांवर ठरावीक अंतराने गोंदाचे पट्टे ओढायचे, पत्रे एकावर एक चिकटवायचे आणि गठ्ठा दोन्ही बाजूंनी ताणायचा. दिवाळीतील कागदी झुंबर उघडते तसे पोळे उघडते. पण ताणून उघडलेली घरे नेहमी पोट बाहेर आलेलीच असतात. डमरू या रीतीने होत नाही. त्यासाठी प्रत्येक पट्टीला आधीच पन्हळी आकार द्यावा लागतो आणि मग पट्ट्या जोडाव्या लागतात. तोही पन्हळ सरळ नाही. त्याच्या बाजू खाली आत गेलेल्या असतात, त्यामुळे प्रेसच्या एका सरळ ठोक्यात तो निघत नाही. पत्रा साच्यात अडकतो. दोन-तीन टप्प्यांत घडी घालावी लागते. थरावर थर रचणारी त्रिमितीय छपाई कोणताही आकार देते, आणि संशोधनासाठी बहुतेक नमुने तसेच केले जातात. पण मोटारीच्या दरवाजामागे जेवढा खर्च परवडतो, त्यात ती आजतरी बसत नाही.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील ओतशाळांचे नाव वाहन उद्योगात मोठे आहे. परंतु ओतीव लोखंड ठिसूळ असते. ते घड्या घालीत नाही, तडकते. या कामाला पत्रा घडवणारे, जोडणारे आणि साचे करणारे हात लागतात. त्यांचीही या पट्ट्यात वाण नाही.

ट्रॉलीच्या मागे

पुन्हा ऊसट्रॉलीकडे यायचे तर, येथे अडचण पोळ्याच्या प्रकाराची नाही, उंचीची आहे. मोटारीचे सारे चुरगळणारे भाग बंपरच्या उंचीवर असतात. ट्रॉलीचा सांगाडा त्याहून उंच असतो आणि उसाच्या मोळ्या त्याच्याही मागे आलेल्या असतात. मोटारीचे बॉनेट खाली शिरते आणि पहिला विरोध होतो तो काचेच्या पातळीवर. पुढच्या ६० सेंटिमीटरचा उपयोगच होत नाही. मालमोटारींना मागून मोटार खाली शिरू नये म्हणून आडवा दांडा बसवतात, तो याचसाठी. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा हंगामात साखर कारखाने आणि पोलिस घेत असतात. धडक टळण्याच्या दृष्टीने त्या पट्टीची किंमत कोणत्याही पोळ्याहून अधिक आहे.

तरीही धडक झालीच तर? ताशी ८० किलोमीटर वेगाची बाराशे किलोची मोटार ताशी २० किलोमीटर वेगाच्या १५ टनी ट्रॉलीवर मागून आदळली, तर सुमारे १५४ किलोज्यूल ऊर्जा चुरगळण्यात जिरवावी लागते. ट्रॉलीच्या मागे मोटारीच्या बंपरच्या उंचीवर दीड मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर खोल असा साध्या ॲल्युमिनियम पोळ्याचा ठोकळा बसवला, आणि तो पूर्ण रुंदीवर सत्तर टक्के चुरगळला, तर तो सुमारे ३२ किलोज्यूल घेतो. हा एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा झाला. उरलेली ऊर्जा मोटारीचा पुढचा भाग घेऊ शकतो, कारण आता त्याला टेकायला काहीतरी मिळालेले असते. ठोकळ्यातील पोळ्याचे वजन चार किलोही भरत नाही. मात्र महामार्गावर मोटार क्वचितच पूर्ण रुंदीने आदळते. चालकाने शेवटच्या क्षणी चाक फिरवलेले असते आणि आदळतो तो एक कोपरा. अशा धडकेत साध्या ठोकळ्याचा निम्मा भाग कोरा राहतो. ठोशाकडे माल ओढणाऱ्या जाळीचा एखादा थर त्याच्या तोंडाशी असावा की नाही, हे तपासण्याजोगे काम आहे, आणि ते करायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ठोकळ्यामागचा दांडा आणि त्याचे बोल्ट मात्र सुमारे साडेपंधरा टनांचा रेटा सहन करणारे हवेत. नाहीतर पोळे चुरगळण्याआधी दांडाच निखळून पडेल.